निनावी शब्द, कंपनीची अब्रू आणि गुंतवणूकदार
(गुंतवणूकदार शिक्षणविषयक परिसंवादातील व्याख्यानाचा संपादित भाग)



भांडवल बाजार हा मूलतः माहितीचा बाजार आहे. मंडईत ग्राहक भेंडी मोडून पाहतो, नारळ हलवून पाहतो. समभाग घेणाऱ्याला कंपनीच्या हिशेबवह्या अशा पारखून घेता येत नाहीत. विकणाऱ्याला जे ठाऊक असते, ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. जॉर्ज अॅकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन, ही विषमता संपूर्ण बाजाराला कशी पोखरते, हे दाखवून दिले. म्हणूनच कंपनीविषयीची वाईट बातमी वेळेवर बाहेर येणे ही गुंतवणूकदाराची गरज असते. परंतु ती बातमी खोटी असेल आणि सांगणाऱ्याने आपले नाव लपविले असेल, तर काय करावे? हा आजचा विषय आहे.

एकाच नाण्याच्या दोन बाजू

28 सप्टेंबर 2018 रोजी इन्फिबीम अॅव्हेन्यूज या कंपनीच्या समभागाचा भाव एकाच दिवसात सत्तर टक्क्यांहून अधिक कोसळला. कंपनीच्या हिशेबपद्धतीविषयी शंका घेणारा एक संदेश व्हॉट्सअॅपवरून फिरत होता आणि या घसरणीचा संबंध त्याच्याशी जोडला गेला. कंपनीने खुलासा केला. पण त्या दिवशी घाबरून समभाग विकणाऱ्याचे पैसे खुलाशाने परत येत नाहीत.

आता दुसरी बाजू पाहू. डिसेंबर 2008 मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सच्या एका संचालकांना टोपणनावाने एक ई-मेल आला. कंपनीच्या हिशेबांत मोठा घोटाळा असल्याचे त्यात म्हटले होते. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्षांनी स्वतःच कबुली दिली. लिहिणाऱ्याला प्रथम आपले नाव उघड करावे लागले असते, तर त्याने ते पत्र लिहिले असते का, याचा आपण विचार करावा. अफवेची किंमत मोजावी लागते, तशी मौनाचीही मोजावी लागते. फरक इतकाच की, मौनाची किंमत उशिरा दिसते.

कायद्याची चौकट

सेबीच्या 2003 च्या विनियमांनुसार, गुंतवणूकदारांच्या निर्णयावर परिणाम करणारी खोटी अथवा दिशाभूल करणारी माहिती पसरविणे निषिद्ध आहे. मार्च 2011 मध्ये सेबीने दलाल व अन्य मध्यस्थांच्या कर्मचाऱ्यांना, खातरजमा न केलेल्या वार्ता पुढे पाठविण्यापासून रोखले. 2024 पासून मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांवर, प्रमुख प्रसारमाध्यमांतील वार्तेमुळे भावात लक्षणीय चढउतार झाल्यास, 24 तासांच्या आत तिला दुजोरा देण्याचे, ती नाकारण्याचे किंवा तिचे स्पष्टीकरण देण्याचे बंधन टप्प्याटप्प्याने आले.

बदनामी हा आपल्याकडे दिवाणी विषय आहे, तसा फौजदारी गुन्हाही आहे. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. कंपनीचीही बदनामी होऊ शकते, हे त्यात मान्य केले आहे. त्याचबरोबर लोकहितासाठी केलेले सत्यकथन हा अपवादही आहे.

प्रश्न कोठे अडतो?

खरी अडचण सत्यासत्यतेचा निवाडा होण्यापूर्वीच उद्भवते. खटला दाखल होताच संकेतस्थळाकडे लेखकाची ओळख मागितली जाते. ती एकदा उघड झाली की, पुढे खटला जिंकूनही त्याला ती परत झाकता येत नाही. तो कंपनीचा कर्मचारी असेल, तर नोकरीवर पाणी सोडावे लागते. मातब्बर वादीला निकालाची गरजच उरत नाही. वकिलाची नोटीसच पुरेशी ठरते. मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग आणि झी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने हा धोका ओळखला. पूर्ण सुनावणीपूर्वीच लेख काढून टाकण्याचा आदेश न्यायालयाने रद्द केला.

या बाबतीत अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचा 2001 चा डेंड्राइट निर्णय अभ्यासण्याजोगा आहे. एका कंपनीविषयी चर्चाफलकावर निनावी मजकूर लिहिणाऱ्यांची नावे कंपनीला हवी होती. न्यायालयाने क्रम घालून दिला: लेखकाला आधी सूचना द्यावी, आक्षेपार्ह वाक्ये नेमकी सांगावीत, प्रथमदर्शनी पुरावा दाखवावा, आणि शेवटी निनावी बोलण्याच्या हक्काशी तोलून निर्णय घ्यावा. 2017 मध्ये खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविणाऱ्या आपल्या देशातही अशी स्पष्ट कसोटी लिखित स्वरूपात यावयास हवी.

मात्र एक भेद कटाक्षाने पाळला पाहिजे. अफवा पसरवून त्याच समभागात व्यवहार करणारा आणि नफा खिशात घालणारा निनावी इसम या संरक्षणास पात्र नाही. त्याचा माग शब्दांवरून काढण्याची गरज नाही. डिमॅट खाते आणि व्यवहारांच्या नोंदी तो दाखवितात. ते काम नियामकाचे आहे, बदनामी झालेल्या कंपनीचे नव्हे. उलट, गैरव्यवहाराची माहिती देणाऱ्याला आश्रय मिळावा, हे तत्त्व आपण स्वीकारलेले आहे. अंतर्गत माहितीच्या आधारे होणाऱ्या व्यवहारांची खबर देणाऱ्यांसाठी सेबीने 2019 मध्ये बक्षिसाची व गोपनीयतेची तरतूद केली.

गुंतवणूकदाराचे कर्तव्य

शेवटी सामान्य गुंतवणूकदाराविषयी. निनावी इशारा हा पुरावा नव्हे. तो तपासाचा आरंभ असतो. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरील कंपनीचे निवेदन, लेखापरीक्षकांचा अभिप्राय आणि प्रवर्तकांनी तारण ठेवलेल्या समभागांची माहिती आज कोणालाही विनामूल्य पाहता येते. ती पाहिल्याशिवाय समभाग विकू नये आणि संदेशही पुढे पाठवू नये. आपण पुढे पाठविलेल्या खोट्या मजकुराची जबाबदारी आपल्यावरही येऊ शकते.

कंपनीची अब्रू जपली पाहिजे, यात वाद नाही. पण ती जपताना खरे बोलणाऱ्याची जीभ बांधली गेली, तर पुढच्या सत्यमची वार्ता आपल्याला थेट कबुलीजबाबातूनच कळेल आणि तोवर सामान्य माणसाची बचत गेलेली असेल.