गर्भवतीची साखर-तपासणी आणि सीमाभाग
(भाषणाचा मजकूर)



निपाणी हे गाव तंबाखू आणि विड्यांच्या धंद्याकरिता प्रसिद्ध आहे. विड्या वळणाऱ्या स्त्रीचे हात दिवसभर चालतात. शरीर मात्र एका जागी बसून असते. अशी स्त्री गर्भवती असता तिच्या रक्तातील साखर वाढली, तरी बहुधा कोणतेच लक्षण जाणवत नाही. म्हणूनच तपासणी अगत्याची ठरते.

गर्भारपणी वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. ही उणीव स्वादुपिंडास भरून काढता आली नाही, तर गर्भकालीन मधुमेह उद्भवतो. मातेची जादा साखर वारेवाटे गर्भाकडे जाते. त्यामुळे बालक प्रमाणाबाहेर वाढून प्रसूती अवघड होऊ शकते आणि जन्मानंतर त्याची साखर एकाएकी उतरण्याचा धोका राहतो.

चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुरस्कारलेली सुलभ पद्धत केंद्र शासनाच्या २०१४ व २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वीकारलेली आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यातून देऊन दोन तासांनी साखर मोजतात. ती १४० वा अधिक भरल्यास गर्भकालीन मधुमेह समजतात. उपाशीपोटी येण्याची अट नसल्याने केवळ त्यासाठी रोजगार बुडवून दुसरी खेप घालावी लागत नाही. ही तपासणी पहिल्याच भेटीत करावयाची असते; त्या वेळी दोष न आढळल्यास ती २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करावी.

दोष आढळला तरी घाबरण्याचे कारण नाही. प्रथम दोन आठवडे आहारनियमन आणि चालण्याचा व्यायाम. तेवढ्याने न भागल्यास औषध वा इन्शुलिन. ‘दोन जिवांची आहे’ म्हणून गोडधोडाचा आग्रह करणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी हे ध्यानी घ्यावे.

सीमाभागाची अडचण आणखी निराळी आहे. निपाणीची लेक कागल-गडहिंग्लजला दिलेली असते, तिकडची इकडे येते. पहिल्या बाळंतपणास ती माहेरी जाते; राज्य बदलते, दवाखाना बदलतो आणि नोंद मागे राहते. कर्नाटकातील तायी कार्ड असो वा महाराष्ट्रातील माता व बाल संरक्षण कार्ड, ते तिच्याबरोबर गेलेच पाहिजे. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी होणारी तपासणी, जी मात्र उपाशीपोटी करावयाची असते, पुष्कळदा माहेरच्या मुक्कामातच येते. ती चुकल्यास मातेस जडलेला मधुमेह वेळीच उमगत नाही.

सासर आणि माहेर यांच्यामध्ये राज्याची सीमा असली, तरी मातेच्या काळजीत ती आड येऊ नये, एवढीच विनंती.