सेनापती उमेदवार आणि युद्धाचा प्रश्न

२३ ऑगस्ट १८६४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी मंत्र्यांपुढे घडी घातलेला एक कागद ठेवला आणि आतला मजकूर न दाखवताच मागच्या बाजूला सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आत लिहिलं होतं की आपलं सरकार पुन्हा निवडून येण्याची चिन्हं नाहीत. तेव्हा नव्या अध्यक्षाचा शपथविधी होईपर्यंत त्याच्याशी सहकार्य करून संघराज्य वाचवायचं. यादवी युद्धाचं चौथं वर्ष सुरू होतं. व्हर्जिनियात लिंकन यांचे सेनापती ग्रँट यांची हजारो माणसं कामी आली होती आणि जुलैत आणखी ५ लाख सैनिक मागवले गेले होते.

विरोधकांसाठी मैदान मोकळं होतं. आठवडाभरात शिकागोला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं आणि उमेदवारी मिळाली जॉर्ज मॅक्लेलन यांना. वय ३७, सैनिकांचा लाडका सेनापती, अँटिटमच्या लढाईत दक्षिणेचा सेनापती ली याची चढाई थोपवणारा; १८६२ मध्ये लिंकन यांनीच त्याला पदावरून दूर केलेलं. आपल्याकडे ज्याला इलेक्टिव्ह मेरिट, म्हणजे निवडून येण्याची क्षमता, म्हणतात, ते त्याच्यापाशी भरपूर होतं. पण त्याच अधिवेशनानं जाहीरनाम्यात युद्ध फसलं असं म्हणून शस्त्रसंधीची मागणी केली, आणि उपाध्यक्षपदासाठी तहवादी पेंडलटन यांना पुढे केलं. पक्षातल्या दोन तटांनी एकमेकांची समजूत घातली. लढाईचं काय करायचं, हे मात्र ठरवलंच नाही.

२ सप्टेंबरला अटलांटा लिंकन यांच्या फौजांच्या हाती आलं. ८ तारखेच्या स्वीकृतिपत्रात मॅक्लेलन यांनी तहाची भूमिका झिडकारली. जे सोबती रणांगणावर लढले, त्यांच्या नजरेला नजर देऊन तुमचं बलिदान व्यर्थ गेलं असं मी सांगू शकत नाही, असा त्या पत्राचा सूर होता. मला ते पत्र प्रामाणिक वाटतं. पण उमेदवार एक सांगतो आणि पक्ष दुसरंच, अशा वेळी मतदारानं कुणावर विसंबायचं? निवडणुकीत निर्वाचक मतं पडली लिंकन यांना २१२, मॅक्लेलन यांना २१. सैनिकांची जी मतं वेगळी मोजली गेली, त्यांत दर चारांतली तीन लिंकन यांची होती.

आता त्याच पक्षाच्या २००४ मधल्या उमेदवार निवडीकडे या. आयोवा राज्यातल्या पक्षाच्या कॉकसमध्ये, म्हणजे उमेदवार निवडीच्या सभांमध्ये, तेव्हा शेजारीपाजारी शाळेच्या सभागृहात जमत आणि आपापल्या उमेदवाराच्या गटात सर्वांदेखत उभे राहत. १९ जानेवारीच्या त्या रात्री इराक युद्धाला विरोध असलेले कितीतरी लोक युद्धविरोधी हॉवर्ड डीन यांच्याकडे गेले नाहीत, तर जॉन केरी यांच्या गटात उभे राहिले. केरी व्हिएतनाममध्ये लढलेले, पदकं मिळवलेले. अध्यक्ष बुश यांच्यासमोर हाच माणूस टिकेल, असा या मतदारांचा हिशेब होता. आपल्याला काय पटतं यापेक्षा इतरांना कोण पटेल, याचा अंदाज त्यांनी बांधला. तो अंदाज बांधण्यात गैर काही नाही. जिंकायचं तर तो बांधावाच लागतो.

पण २००२ मध्ये इराक युद्धाच्या अधिकाराला केरी यांनी सिनेटमध्ये संमती दिली होती. २००४ च्या ऑगस्टमध्ये ग्रँड कॅन्यनला त्यांना विचारलं गेलं, आज जे ठाऊक आहे ते तेव्हा ठाऊक असतं तर? तरीही आपण तसंच मत दिलं असतं, असं ते म्हणाले. युद्ध हाताळण्याच्या पद्धतीवर ते पुढेही कडाडून टीका करत राहिले, पण युद्ध मुळात का केलं, हा प्रश्न त्या उत्तरानंतर त्यांना बुश यांना ठामपणे विचारता येईना. डीन जिंकले असते, असं मी म्हणत नाही. त्याला पुरावा नाही. केरी ओहायोत सुमारे १ लाख १८ हजार मतांनी हरले आणि त्या एका राज्याबरोबर अध्यक्षपदही गेलं. डीन त्याहून वाईट हरले असते, हेही शक्य आहे. पण इराकबद्दलचा तो मूळ प्रश्न देशापुढे निदान स्पष्टपणे मांडला गेला असता.