बॅकस्पेस आणि धानाचा अर्ज



साकोली तालुक्यातलं एकोडी घ्या, नाहीतर आपल्या भंडारा जिल्ह्यातलं धानाचं कुठलंही गाव घ्या. हंगाम आला की सेवा केंद्रापुढे रांग लागते. धान विक्रीची नोंदणी, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, सगळं ऑनलाइन. आतला पोरगा आधार नंबर, गट नंबर, बँकेचं खातं भराभर टाइप करत असतो. नावात एक अक्षर चुकतं, तो बॅकस्पेस दाबतो. पण कर्सर रकान्याबाहेर निसटलेला असतो. अक्षर तसंच राहतं, पान मात्र मागे जातं आणि अर्ज कोरा होतो. समोरची बाई म्हणते, "का जी, आता पयलेपासून सांगा लागन का?"

यात पोराचा काही दोष नाही. बॅकस्पेसने मागच्या पानावर जायची ही 'सोय' ब्राउझर बनवणाऱ्यांनीच दिली होती. क्रोमने ती २०१६ मध्ये काढली. फायरफॉक्सने मार्च २०२१ मध्ये, ८७ व्या आवृत्तीत बंद केली आणि कारणही सांगितलं: अर्जात भरलेली माहिती वाया जाऊ नये. पण ज्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज एक्सपी आहे, तिथे फायरफॉक्स ५२ च्या पुढे सरकत नाही. तिथे ही कटकट आजही चालू आहे.

उपाय आहे, पण नेहमीच्या सेटिंगमध्ये शोधाल तर सापडणार नाही. फायरफॉक्सच्या वरच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत 'अबाउट', मग कोलनची दोन टिंबं, मग 'कॉन्फिग' असं जागा न सोडता टाइप करून एंटर दाबा. आधी एक इशारा येतो. जुन्या आवृत्त्यांत तर 'तुमची वॉरंटी रद्द होऊ शकते' अशी पाटी असे. फुकटच्या ब्राउझरला कसली आली वॉरंटी! ती थट्टाच होती, पण सावध करणारी. पुढे गेलात की लांबलचक यादी उघडते. शोधाच्या जागी 'ब्राउझर, टिंब, बॅकस्पेस, अंडरस्कोर, ॲक्शन' लिहा. समोर शून्य दिसेल तर पान मागे जाणार. तिथे २ टाका. मग रकान्याबाहेर बॅकस्पेस दाबलं तरी काहीच होत नाही. बदललेली ओळ ठळक अक्षरांत दिसते, त्यामुळे आपण कुठे हात लावला ते लगेच कळतं. अर्थ ठाऊक नसलेल्या ओळीला हात लावू नका.

दुसरा छळ सूचनांचा. कुठलंही पान उघडा, 'तुम्हाला नोटिफिकेशन पाठवू का?' हा प्रश्न हजर. फायरफॉक्सवाल्यांनी २०१९ मध्ये मोजून पाहिलं, तर असे सुमारे ९९ टक्के प्रश्न लोक स्वीकारतच नव्हते. तेव्हा कुठे जानेवारी २०२० पासून तो प्रश्न पट्टीतल्या एका लहान खुणेमागे गेला. यासाठी 'कॉन्फिग'चा चोरदरवाजा लागत नाही. नव्या फायरफॉक्सच्या साध्या सेटिंगमध्ये परवानग्यांखाली नवे प्रश्न अडवण्याची चौकट आहे. क्रोममध्येही साइट सेटिंगमध्ये तशीच सोय आहे. माझं मत विचाराल तर, शंभरातल्या नव्याण्णव वेळा लोक स्वीकारतच नाहीत ती गोष्ट मुळात बंदच असायला हवी होती.

क्रोमचंही 'फ्लॅग्ज' नावाचं आतलं पान आहे, पण तिथे प्रयोग चालतात. आजचं बटण पुढच्या आवृत्तीत गायब झालेलं असू शकतं. त्याच्या भरवशावर केंद्र चालवू नये.

आणि हो, बॅकस्पेसचा हा बदल त्या एका कॉम्प्युटरपुरताच राहतो. शेजारच्या मशीनवर वेगळा करावा लागेल. मशीन फॉरमॅट झालं तर पुन्हा करावा लागेल. म्हणून त्या ओळीचं नाव आणि २ हा आकडा केंद्राच्या वहीत लिहून ठेवा.