शोधनिबंधांचे मोल कसे मोजावे?

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने बँकेतील कारकून. वैद्यकीय संशोधनावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? परंतु खाती आणि आकडे यांच्याशी माझा रोजचा संबंध येतो, आणि आज संशोधकाचेही एक खाते असते. त्याने किती शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि इतर संशोधकांनी आपल्या निबंधांत त्यांचा किती वेळा उल्लेख केला, याची त्यात नोंद होते. अशा उल्लेखाला सायटेशन म्हणतात. नेमणूक, बढती, अनुदान देताना हा आकडा पाहिला जातो. आपल्यातील काही मुले-मुली उद्या संशोधनाकडे वळतील. त्यांना हा आकडा नीट वाचता आला पाहिजे, म्हणून हा विषय निवडला.

या मोजणीची कल्पना अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली. १९६० च्या दशकात त्यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची काढली. एखाद्या निबंधाचा पुढे कोणी उपयोग केला, हे शोधण्यासाठी ती होती. हळूहळू शोधण्याचे हे साधन माणसे मोजण्याचे माप झाले. २००५ मध्ये हर्श या शास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला. ज्याच्या दहा निबंधांचे प्रत्येकी किमान दहा उल्लेख आहेत, पण अकरांचे प्रत्येकी अकरा नाहीत, त्याचा निर्देशांक दहा.

आता तीन खाती उघडून पाहू.

पहिले ऑलिव्हर लॉरी यांचे. द्रवातील प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची सोपी रीत त्यांनी व सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. २०१४ मध्ये झालेल्या मोजणीत या एका निबंधाचे ३ लाखांहून अधिक उल्लेख भरले. सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध तो हाच. कारण उघड आहे. जगभरच्या प्रयोगशाळांना ती रीत रोज लागे. तरीही हे आपले थोर काम आहे, असे स्वतः लॉरी मानत नव्हते.

दुसरे खाते अँड्र्यू वेकफिल्ड यांचे. गोवराची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा त्यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. त्याचेही उल्लेख हजाराहून अधिक आहेत, पण बहुतेक त्याचे खंडन करणारे. बँकेच्या खातेवहीत जमा आणि नावे असे दोन रकाने असतात. उल्लेखांच्या मोजणीत मात्र टीकाही जमेलाच धरली जाते.

तिसरे खाते कलकत्त्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांचे. पटकीचे जंतू विष तयार करत असावेत, असा तर्क रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्येच केला होता. पण पुरावा मिळत नव्हता. डे यांनी सशाच्या आतड्याचा भाग बांधून त्यात जंतू सोडले, तेव्हा तेथे द्रव साचला. नंतर त्यांनी जंतू गाळून काढलेला नुसता द्रव वापरला, तरीही तेच घडले. म्हणजे रोग्याच्या अंगातील पाणी ओढून घेणारे ते विषच. हा निबंध १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. सुरुवातीला त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव नोबेलसाठी सुचवले, १९७८ मध्ये नोबेल संस्थेच्या परिसंवादाचे निमंत्रणही त्यांना आले. परंतु भारतातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही. १९८५ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी गारफिल्ड यांनी पटकीच्या संशोधनातील उल्लेखांचा नकाशा मांडला आणि त्यात डे यांचे स्थान जगाला दाखवले.

मित्रहो, म्हणजे मोजणी निरुपयोगी नाही. ज्याला आपल्या लोकांनी ओळखले नाही, त्याला ओळखण्यास तिनेच हातभार लावला. मात्र गारफिल्ड केवळ बेरजेवर थांबले नाहीत. कोणी कोणाचा आधार घेतला, हे त्यांनी तपासले. नुसती शिल्लक पाहून खातेदाराची पारख होत नाही, नोंदी वाचाव्या लागतात.

विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे. कोणाचे शेकडो निबंध ऐकून दबून जाऊ नका आणि कोणाचे मोजकेच आहेत म्हणून त्याला हिणवू नका. त्याचा एक तरी निबंध काढून वाचा. प्रश्न कोणता होता, प्रयोग कसा केला, पुरावा पुरेसा आहे का, हे पाहा. उद्या तुम्ही निवड समितीवर बसाल, तेव्हाही एवढे कष्ट अवश्य घ्या.