किडनी बदललेल्या माणसाचं बीपी

पावसात आंबोलीचा घाट बंद पडला की सावंतवाडी लांब होते. म्हणून किडनी बदललेलं माणूस घरात असेल तर आम्ही आधी विचारतो, महिन्याच्या गोळ्या भरल्यात का?

टॅक्रोलिमसची गोळी शरीराला नवी किडनी नाकारू देत नाही. पण तीच गोळी रक्तवाहिन्या आवळते, बीपी आणि साखर वाढवते. पुढे हृदयाला धोका. तरी ती मनाने बंद करायची नाही. बीपी मोजायचं, वहीत लिहायचं.

चतुर्थीच्या माटवीचं पपनस मात्र त्यांना देऊ नका, औषध रक्तात भलतंच चढतं. अंगदुखीची गोळीही परस्पर नको, किडनीवर जाते.

एकच पाय सुजला, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, तर रात्र असली तरी गाडी बोलवायची.