दाताची कॅप आणि स्कॅनरचं माप

रूट कॅनालनंतर दातावर कॅप बसवली, की ती किती टिकणार हे बरंचसं तिच्या कडेवर ठरतं. तिथे फट राहिली, तर सिमेंट झिजतं, जंतू शिरतात आणि आतला दात पुन्हा किडतो. ही फट 120 मायक्रॉनच्या आत असावी, हा 1971 साली मांडला गेलेला निकष आजही आधाराला घेतात.

कड नीट बसायला दाताचं माप अचूक लागतं. पूर्वी त्यासाठी मसाल्याने भरलेला ट्रे तोंडात धरावा लागे. मसाला थोडा आक्रसतो, त्यात ओतलेलं प्लास्टर किंचित फुगतं. आता स्कॅनरचा छोटा कॅमेरा दातांवरून फिरवतात आणि पडद्यावर दात उभा राहतो. एका-दोन कॅपसाठी हे माप जुन्या पद्धतीच्या तोडीचं येतं. पूर्ण जबड्याच्या मापात मात्र चित्राला चित्र जोडताना चूक साठत जाते.

खरी अडचण हिरडीपाशी आहे. कॅमेऱ्याला जे दिसत नाही, ते मोजताही येत नाही. दाताची कड हिरडीखाली असेल, वर लाळ किंवा रक्त असेल, तर महागडा स्कॅनरही फसतो. म्हणून डॉक्टर आधी हिरडीच्या कडेत बारीक दोरा सरकवतात, दात कोरडा करतात. माझ्या मते साऱ्या कामातली हीच मोलाची मिनिटं. तेव्हा घाई करू नका.

कॅप पक्की करण्यापूर्वी डॉक्टर टोकदार प्रोब कडेवरून फिरवतात. तो कुठे अडकतो का, हे त्यांना जरूर विचारा.