निवृत्तांचे आरोग्यकवच : नोंदणी आणि निवड
(ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



नोकरदाराच्या निवृत्तीला एक तारीख असते. त्या दिवशी सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब हाती येतो. व्यापाऱ्याच्या निवृत्तीला अशी तारीख नसते; एके दिवशी गल्ल्यावर मुलगा बसू लागतो आणि वडील दुकानात केवळ वर्तमानपत्र वाचावयास येतात. परंतु दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट समान घडते. नोकरीबरोबर वा धंद्याबरोबर चालत आलेले आरोग्याचे संरक्षण त्याच सुमारास संपते किंवा बदलते, आणि शरीराला त्याची गरज नेमकी तेव्हाच भासू लागते. आयुष्यभर काटकसरीने साठविलेली पुंजी एका हृदयशस्त्रक्रियेत संपून गेल्याची उदाहरणे प्रत्येकाच्या नात्यागोत्यात आहेत. म्हणून शासनाच्या कोणत्या योजनेत कोणाचा समावेश होतो, तिच्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा विचार आजारापूर्वी झाला पाहिजे.

प्रथम सर्वांत व्यापक योजनेचा विचार करू. केंद्र शासनाची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली. आरंभी ती दुर्बल कुटुंबांपुरती होती. 29 ऑक्टोबर 2024 पासून मात्र 70 वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची कोणतीही अट न घालता, तिचे दार उघडण्यात आले. त्यासाठी मिळणाऱ्या पत्रास ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ म्हणतात. वर्षाला कुटुंबामागे 5 लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार संलग्न रुग्णालयात रोख रक्कम न भरता मिळतात. त्यासाठी हप्ता नाही, प्रतीक्षाकाळ नाही, आणि पूर्वीपासून असलेला मधुमेह वा हृदयविकार हा अडथळा ठरत नाही. खाजगी विम्यात ज्या कारणांनी वृद्धांना नकार मिळतो, ती कारणे येथे गैरलागू आहेत.

तथापि या योजनेच्या मर्यादा ठाऊक नसतील, तर ऐनवेळी निराशा पदरी येते. पहिली मर्यादा अशी की हे संरक्षण रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस एवढाच खर्च त्यात धरला जातो. दरमहा लागणारी रक्तदाबाची गोळी, डॉक्टरांची नेहमीची तपासणी, चष्मा वा कवळी यांचा भार ज्याचा त्यालाच उचलावा लागतो. दुसरी मर्यादा अशी की 5 लाखांची रक्कम माणशी नसून कुटुंबाची आहे. पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढील असतील, तर ती दोघांत वाटली जाते. तिसरी गोष्ट वयाची. पती 72 वर्षांचे आणि पत्नी 66 वर्षांची असेल, तर पतीच्या कार्डावर पत्नीचे उपचार होत नाहीत. घरोघरी याच मुद्द्यावर गैरसमज दिसतो. घरात एक कार्ड आले म्हणजे दोघांची सोय झाली, असे मानून पत्नीची नोंदणी राहून जाते.

अशा पत्नीसाठी महाराष्ट्रात दुसरा मार्ग आहे. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 मध्ये ती राज्यभर पोहोचली आणि 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. जुलै 2023 च्या शासननिर्णयाने पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेही तिच्या कक्षेत आली आणि संरक्षणाची मर्यादा 5 लाखांपर्यंत वाढविण्यात आली. ‘आपली पांढरी शिधापत्रिका, आपल्याला काय मिळणार?’ ही मध्यमवर्गीय समजूत आता जुनी झाली आहे. मात्र शिधापत्रिकेत नाव असले पाहिजे. मुलाकडे राहावयास गेल्यावर जुन्या पत्रिकेतून नाव कमी झाले आणि नव्या पत्रिकेत चढले नाही, असे अनेक वृद्धांच्या बाबतीत घडते. घरातील कर्त्या माणसाने आजच कपाटातील पत्रिका काढून ती नावे वाचून पाहावीत.

दोन्ही योजनांत उपचारांची यादी ठरलेली असते, आणि काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असतात. संलग्न रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. दाखल होण्यापूर्वी त्याला भेटून दोन प्रश्न विचारावेत : हा उपचार यादीत आहे काय, आणि या रुग्णालयाला त्या उपचाराची मान्यता आहे काय? रुग्णालय संलग्न असले म्हणजे तेथील प्रत्येक विभाग योजनेत असतोच असे नाही.

आता ज्यांना नोकरीमुळे स्वतंत्र व्यवस्था उपलब्ध आहे त्यांचा विचार. केंद्र शासनाच्या निवृत्तांसाठी 1954 पासून केंद्र सरकार आरोग्य योजना आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व नागपूर ही तिची मोठी केंद्रे. 2017 पासूनच्या दरांनुसार वेतनस्तराप्रमाणे मासिक वर्गणी 250 ते 1,000 रुपये असून दहा वर्षांची वर्गणी, म्हणजे 30,000 ते 1,20,000 रुपये, एकदम भरल्यास आजीवन सदस्यत्व मिळते. माजी सैनिकांसाठी 2003 पासून स्वतंत्र अंशदायी योजना आहे; रेल्वेच्या निवृत्तांचीही निराळी व्यवस्था आहे. या यादीत एक उपेक्षित तरतूद आहे. राज्य कर्मचारी विमा योजनेत किमान पाच वर्षे विमाधारक राहून जो कामगार वयोमानानुसार निवृत्त झाला, त्याला वर्षाला केवळ 120 रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. गिरणीत वा कारखान्यात उभे आयुष्य घालविलेल्या कितीतरी जणांना हे कोणी सांगितलेलेच नसते.

येथेच निवडीचा खरा प्रसंग उभा राहतो. राज्य कर्मचारी विमा किंवा खाजगी विमा असणाऱ्यास वय वंदना कार्डही घेता येते. परंतु केंद्र सरकार आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असणाऱ्यास दोहोंपैकी एकच निवडावी लागते. समजा, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मधुमेह आहे आणि त्यांची औषधे दरमहा दवाखान्यातून येतात. ‘फुकट 5 लाख’ या शब्दांना भुलून त्यांनी नव्या कार्डाचा पर्याय दिला, तर दवाखाना, तपासण्या आणि औषधे या रोजच्या आधाराला ते मुकतील. केंद्रीय निवृत्तासाठी बहुधा जुनी योजनाच अधिक हिताची ठरते. पर्यायाच्या चौकटीत खूण करण्यापूर्वी गेल्या वर्षभरातील औषधांची बिले समोर ठेवून बेरीज करावी. उत्तर आपोआप मिळते.

खाजगी विमा आधीच असेल, तर शासकीय कार्ड मिळाले म्हणून तो घाईने बंद करू नये. वर्षानुवर्षे हप्ते भरून ओलांडलेला प्रतीक्षाकाळ एकदा सुटला की पुन्हा मिळत नाही. नव्याने विमा घेऊ इच्छिणाऱ्यास हे ठाऊक असावे की 2024 मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने 65 वर्षांची जुनी वयोमर्यादा दूर केली आणि पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. अर्जात आजार लपवू नये. लपविलेला आजार दाव्याच्या वेळी कागदावर उमटतोच.

शेवटी नोंदणीविषयी. वय वंदना कार्डासाठी आधार हाच मुख्य दस्तऐवज असून वय त्यावरूनच ठरते. जुन्या पिढीतील अनेकांची जन्मतारीख आधारवर अंदाजाने लिहिली गेली आहे. प्रत्यक्षात पंचाहत्तरी उलटलेल्या आजींचे वय कागदावर 67 असेल, तर यंत्र त्यांना नाकारील. ही दुरुस्ती निरोगी असताना करावयाची असते, अतिदक्षता विभागाच्या दारात नव्हे. बोटांचे ठसे झिजले असतील तर चेहरा अथवा बुबुळ यांवरूनही ओळख पटविता येते. नोंदणी आयुष्मान ॲपवर घरबसल्या होते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी संलग्न रुग्णालयात जावे. माहितीसाठी 14555 हा निःशुल्क क्रमांक आहे. नोंदणीस पैसे लागत नाहीत. कोणी मागितल्यास देऊ नयेत आणि अनोळखी माणसास मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक सांगू नये.

ज्येष्ठांकडे वेळ आहे, तरुणांकडे यंत्राचे ज्ञान आहे. प्रत्येक घरातील नातवाने या रविवारी एक तास आजी-आजोबांजवळ बसून आधार, शिधापत्रिका आणि विम्याची कागदपत्रे एका पाकिटात लावावीत, जवळच्या संलग्न रुग्णालयाचे नाव त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि पाकिटाची जागा घरातील सर्वांना दाखवावी. रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर त्या वेळी योजनेचे नियम कोणी वाचत बसत नाही. हाताशी पाकीट असावे लागते.